दोह्याच्या उन्हातला रूळ

संपादकांना लेख हवा होता दोहा मेट्रोच्या स्थानकांवर. यूएनस्टुडिओ या वास्तुरचना संस्थेनं बेदुइन तंबूंवरून बेतलेली ती छतं छायाचित्रांत झकासच दिसतात. पण अल वकराकडे निघालेली लाल मार्गिकेची गाडी बोगद्यातून वर उड्डाणमार्गावर आली आणि छतं बाजूलाच राहिली. गाडीला चालक नाही, त्यामुळे पुढच्या काचेतून थेट रूळ दिसतो.

इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. एकाच वेळी 21 यंत्रांनी भुयारं खोदली, त्याचा गिनेस विक्रम झाला. डबे जपानच्या किंकी शार्योचे. 8 मे 2019 ला प्रवासी वाहतूक सुरू. कौतुक सगळं भुयारांच्या वाट्याला गेलं. भुयारात तापमान फारसं हलत नाही हो, खरी कसोटी वर आहे.

एक किलोमीटर मोकळा रूळ 40 अंशांनी तापला तर सुमारे 46 सेंटिमीटर वाढतो. सलग जोडलेल्या रुळाला वाढायला जागाच नसते. ती वाढ दाब होऊन पोलादातच कोंडते : मीटरला 60 किलो भरणाऱ्या एका रुळात, 30 अंशांच्या फरकाला, साधारण 55 टन! खालचा काँक्रीटचा पूलही तापतो, पण त्याला गाळ्यागाळ्याला फट आणि बेअरिंग असतं, तो सरकतो. या ओढाताणीत सापडते रूळ धरणारी क्लिप. फार आवळली तर पूल रुळालाही ओढतो. ढिली ठेवली आणि थंडीत रूळ तुटला, तर फट रुंदावते. कुठं किती धरायचं, याचं गणित पुलाच्या प्रत्येक टोकाला वेगळं.

या दाबानं रूळ वाकला तर नाही ना, हे पाहायला आपल्याकडे रेल्वेचा गँगमन भर उन्हाळ्यात दुपारची गस्त घालतो. कतारमध्ये 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी 10 ते दुपारी 3:30 उघड्यावरचं काम बंद; 2021 मध्ये वाढवलेली ही बंदी योग्यच आहे. तसंही दिवसा शेजारच्या, गाडीला वीज पुरवणाऱ्या तिसऱ्या रुळात 750 व्होल्टची वीज असते. म्हणजे रूळ सर्वांत तापलेला असताना त्याच्याजवळ कुणी जायचं नाही आणि दुरुस्ती करायची ती रात्री, वीज तोडून, तो निवल्यावर. दुपारचं दुखणं रात्री तपासायचं!

तिसरा रूळही तापून वाढतोच. त्याला ठरावीक अंतरावर प्रसरण-सांधे द्यावे लागतात आणि त्यावरून वीज घेणारा गाडीचा बूट तिथून न अडखळता सरकायला हवा. त्यात अल वकरा समुद्रकाठचं. दमट रात्री इन्सुलेटरवर धूळ आणि मीठ चिकटतं, त्यातून वीज झिरपू लागते. ते धुवायचं तर पहाटेआधीच्या त्याच मोजक्या तासांत, क्लिपा तपासणाऱ्यांच्या शेजारी.