लग्नाचे कंत्राट कुणाला देता?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका लग्नाला गेलो होतो. वधू-वर दोघेही उच्चशिक्षित, दोन्ही घरे चळवळीतली. वराच्या आजोबांनी १९५६ साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतलेली. पत्रिकेवर 'मंगल परिणय', वेळ सायंकाळी साडेपाच. लॉनच्या कमानीतून आत शिरलो, तर समोर फुलांनी सजवलेला गणपती! तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा स्टेजच्या कोपऱ्यात, साउंडच्या खोक्यांआड. वधूची एन्ट्री, वराची एन्ट्री, धूर, ड्रोन यातच पावणेआठ वाजले. मग इव्हेंटवाल्याचा पोरगा बौद्धाचार्यांच्या कानाशी लागला, "काका, दहा मिनिटांत आटपा, जेवणाचे काउंटर चालू करायचेत." त्रिशरण-पंचशील चालू असताना निम्मे लोक ताटाच्या रांगेत होते. शेवटी निवेदकाच्या तोंडून सवयीने 'शुभमंगल सावधान' निघालेच.

वधूपित्याने यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले होते. आम्ही त्यांना बाजूला घेऊन गणपतीबद्दल विचारले. बिचारे म्हणाले, "ते पॅकेजमध्येच होतं."

दोष इव्हेंटवाल्याचा म्हणावा, तर तो धंदा करतो. त्याच्याकडे एक साचा तयार आहे : गणेशपूजन, हळद, संगीत, मुहूर्त, अंतरपाट. हा साचा आपला नाही, हे त्याला सांगायचे कुणी? आपण विसार देताना फुलांचा रंग ठरवला, आइस्क्रीमचे प्रकार ठरवले. धम्माचे काय, ते त्याच्यावर सोडले.

आम्ही झगमगाटाच्या विरोधात आहोत, असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. ज्या समाजाला वाजतगाजत वरात काढू दिली जात नव्हती, त्याला बँडची आणि मांडवाची हौस असणारच. उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यातल्या निजामपूर गावी २०१८ साली एका दलित नवरदेवाला पोलीस बंदोबस्तात वरात न्यावी लागली. तेव्हा ऐपत असेल त्याने खुशाल चांगला हॉल घ्यावा. पण एक ध्यानात असू द्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भीमराव आणि रमाईंचा विवाह भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर रात्री लागला. एका कोपऱ्यात वराकडची माणसे, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडची. पुढे १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी बाबासाहेबांचा विवाह झाला, तोही दिल्लीत राहत्या घरी, नोंदणी पद्धतीने. त्याआधी १८७३ साली जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने भटजीविना लग्ने लावून दाखवली. भटजीला मांडवातून बाहेर काढायला एवढा काळ लागला, आणि आपण त्याचे सगळे विधी इव्हेंटवाल्याच्या हातून, पैसे मोजून परत आत आणतो! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने असे करावे?

म्हणून लग्न ठरले की पहिला फोन बौद्धाचार्यांना करा. हॉलवाल्याचा नंबर नंतर. त्यांच्यासोबत बसून विधी किती वेळाचा, आसन कुठे, प्रतिमा कुठे, प्रतिज्ञा कोण वदवणार, हे ठरवा. बुद्धपूजा, परित्राण, जयमंगल अष्टगाथा आणि वधू-वरांच्या प्रतिज्ञा नीट व्हायच्या, तर अर्धा-पाऊण तास लागतोच. तेवढा वेळ स्टेज त्यांचे, माइक त्यांचा, काउंटर बंद. हे कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन इव्हेंटवाल्याकडे जा.

त्याला सरळ विचारा, यापूर्वी किती बौद्ध लग्नांची व्यवस्था केली? केली असतील तर त्यातल्या एका घराचा पत्ता घ्या आणि जाऊन विचारून या. केली नसतील तरी हरकत नाही. ऐकून घेणारा नवखा माणूस 'आम्हाला सगळं माहीत आहे' म्हणणाऱ्यापेक्षा बरा. पॅकेजमधून काय काढायचे त्याची यादी द्या आणि काढले त्याचे पैसेही कमी करून घ्या. बहुतेक लोक इथेच संकोचतात. ताटाचा दर, ताटांची संख्या, त्यावर माणसे वाढली तर दर काय, वीज गेली तर जनरेटर कुणाचा, लग्न पुढे ढकलले तर विसाराचे काय, सारे सहीनिशी लेखी हवे. केटररकडे अन्न परवाना आहे का ते पाहा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावायला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. पोलीस आले तर दंड कुणी भरायचा, हेही आधीच ठरलेले बरे.

आपल्या वस्तीतली पोरे आता मांडव, केटरिंग, फोटोग्राफीच्या धंद्यात उतरली आहेत. त्यांना काम जरूर द्या. मात्र घरचा माणूस म्हणून पावती सोडू नका. पैसे बुडाले की नातेही बुडते, हे आम्ही स्वतःच्या घरात अनुभवले आहे. पावती असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्कही नाही.

आणखी एक. विवाह नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्याची सही लागते. तिथे इव्हेंटवाल्याची सही चालत नाही, बौद्धाचार्यांचीच चालते. तो अर्ज त्याच दिवशी, मांडव उतरायच्या आत भरून घ्या. वर सांगितलेल्या लग्नात तो राहूनच गेला. बौद्धाचार्य दहा मिनिटांत आटपून न जेवता निघून गेले होते. पुढे मुलीला पासपोर्टसाठी प्रमाणपत्र हवे झाले, तेव्हा वधूपित्याला सहीसाठी त्यांच्या दारी दोन खेपा घालाव्या लागल्या. दुसऱ्या खेपेला आम्ही सोबत होतो. त्यांनी चहा पाजला, सही केली, आणि एवढेच विचारले, "धाकटीचं कधी करताय?"