अडीचशे डॉलरांचा बिंगो

सोसायटीच्या गणपतीत हाउजी लागली की तिकिटांच्या पैशांतूनच बक्षिसं निघतात, उरलेले मंडळाच्या खात्यात जातात, आणि याला जुगार म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात याच जातकुळीचा बिंगो १९७६पर्यंत बेकायदा होता. त्या वर्षी जूनमध्ये मतदारांनी राज्यघटनेतली दुरुस्ती मंजूर केली: शहरांना आणि काउंट्यांना बिंगोची परवानगी देता येईल, पण फक्त धर्मादाय कामासाठी. ज्या गावाला हवा त्यानं आपला स्थानिक नियम करावा, नको असेल त्यानं करू नये.

खेळाच्या अटी घातल्या त्या मात्र दंडसंहितेत, कलम ३२६.५मध्ये. खेळ संस्थेच्या सभासदांनीच चालवायचा, तोही फुकट. त्यासाठी कुणी पगार घेतला तर गुन्हा, दंड दहा हजार डॉलरपर्यंत. जमा रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची, संस्थेच्या इतर पैशांत मिसळायची नाही. अठरा वर्षांखालच्यांनी खेळायचं नाही. आणि एका डावाचं बक्षीस अडीचशे डॉलरांच्या वर जाता कामा नये.

यातली पगारबंदी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. आकडे पुकारणाऱ्याला पैसे मिळू लागले की त्याच्यामागून हॉलवाला येतो, मग साहित्य पुरवणारा, आणि शाळेच्या छपरासाठी जमवलेले पैसे वाटेतच झिरपतात. न्यूयॉर्कनं १९५७ साली गावागावाच्या कौलावर असाच बिंगो खुला केला होता. पुढच्या चार-पाच वर्षांतच तिथे चौकशी आयोग बसवावा लागला.

कॅलिफोर्नियात घोटाळा झाला तो वेगळाच. रिव्हरसाइड काउंटीत इंडिओ शहराजवळ कॅबझॉन ही मूलनिवासी जमात राहते. तेव्हा सभासद जेमतेम पंचवीस. शेजारच्या मोरोंगो जमातीप्रमाणे त्यांनीही आपल्या राखीव जमिनीवर बिंगो हॉल उघडला. कामाला पगारी माणसं, बक्षिसं अडीचशेच्या वर, आणि खेळणारे बहुतेक बाहेरून गाड्या घेऊन येणारे. कॅबझॉनांकडे पत्त्यांचा क्लबही होता. राज्यानं बिंगोवर ३२६.५ लावायचं म्हटलं, काउंटीनं आपले स्थानिक नियम. जमातींचं उत्तर सरळ होतं: आमच्या जमिनीवर तुमचे नियम चालत नाहीत.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५३च्या एका केंद्रीय कायद्यानं कॅलिफोर्नियाला राखीव जमिनींवर फौजदारी अधिकार दिले होते, सर्वसाधारण नियमनाचे नाहीत. तेव्हा प्रश्न असा उरला की राज्य बिंगोवर बंदी घालतं की त्याला नियम लावतं? राज्याचं म्हणणं, कलम दंडसंहितेत आहे, मोडलं तर शिक्षा आहे, मग हा फौजदारीच मामला. फेब्रुवारी १९८७मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला आणि न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी तो युक्तिवाद फेटाळला. जे राज्य स्वतः लॉटरी चालवतं, घोड्यांवर पैसे लावू देतं आणि धर्मादाय संस्थांना बिंगो खेळू देतं, त्याला हा खेळ निषिद्ध आहे असं म्हणता येणार नाही. चर्च आणि क्लबांसाठी घातलेली परवानगीच राज्याच्या अंगाशी आली! ती दिलीच नसती तर जमातींना हा खटला जिंकणं फार अवघड गेलं असतं.

पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसनं मूलनिवासींच्या जुगाराचा कायदा केला. बिंगो जमातींच्या हाती राहिला, जॅकपॉटच्या यंत्रांसाठी राज्याशी करार करावा लागणार होता. मार्च २०००मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तोही रस्ता मोकळा केला आणि यंत्रांची मक्तेदारी जमातींकडे आली. मोरोंगोंचं उंच कॅसिनो-हॉटेल आज हमरस्त्यावरून दिसतं.

मग उलटी गंगा वाहिली. धर्मादाय संस्थांनी, विशेषतः सॅक्रामेंटोच्या आसपास, हॉलमध्ये इलेक्ट्रॉनिक बिंगोची यंत्रं बसवली. ही यंत्रं आमच्या मक्त्यावर घाला घालतात, अशी जमातींची तक्रार. २००८मध्ये विधिमंडळानं ती बंद केली. बदल्यात एका ठिकाणी आकडे पुकारून अनेक हॉलमध्ये एकाच वेळी डाव खेळवायची मुभा दिली. तक्रार कायद्याला धरून होती, नाही असं नाही. पण संस्थांच्या बिंगोच्या जोरावर खटला जिंकून वर आलेल्यांनी त्याच संस्थांना आवर घालायला लावावा, हे पचायला जड जातं. कागदी कार्डांच्या डावाची मर्यादा आता पाचशे डॉलर आहे. १९७६चे अडीचशे आजच्या भावानं हजाराच्या वर जातात, तेव्हा आकडा दुप्पट होऊनही बक्षीस आटलंच आहे.