‘वॉरंटीत बसत नाही’ हे लिहून द्या

ग्राहकाचा कागद : लेखांक ९

भिवंडीच्या रस्त्यांवर गाडीची बॅटरी इतर ठिकाणांपेक्षा जास्त सोसते. अंजूर फाट्याला किंवा माणकोलीला कंटेनरच्या मागे एसी, दिवे, वायपर सगळं चालू ठेवून ताटकळायचं, म्हणजे बॅटरीतून खर्च जास्त आणि जमा कमी. इंजिन नुसतं जागेवर घुरघुरत असलं की अल्टरनेटर पुरेसा करंट देत नाही. त्यात खड्डे. बॅटरी आवळून धरणारी पट्टी सैल असली, तर प्रत्येक आदळ्यासरशी आतल्या प्लेटांवरचा थर झडत जातो. मे महिन्यातली बॉनेटखालची उष्णता वेगळीच. अशा वापरात दीड वर्षाच्या गाडीची बॅटरी बसली, तर ती मूळची सदोष होती की वापराने गेली, हा प्रश्न खरोखरच अवघड असतो. शोरूमवाल्यांना मात्र तो कधीच अवघड वाटत नाही.

समजा, धामणकर नाक्याजवळ राहणारे सुताचे एक व्यापारी आहेत. सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं कट् कट्. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर लावून गाडी सुरू केली आणि डीलरच्या वर्कशॉपला नेली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरने टेस्टर लावला, पाच मिनिटांत परत आला आणि म्हणाला, “शेठ, बॅटरी डिस्चार्ज झालीय. डिफेक्ट नाहीये, वॉरंटीत बसत नाही. नवीन टाकून देऊ का?” पाच-सहा हजारांचा मामला. धंद्याची वेळ झालेली. शेठ “टाका” म्हणतात आणि जुनी बॅटरी तिथेच ठेवून निघतात.

वाद तिथेच हरला गेला. जुनी बॅटरी हाच मुख्य पुरावा होता आणि तो आता भंगारात गेला. नकाराचं कारण फक्त तोंडी होतं, ते हवेत विरलं. हातात उरलं नव्या बॅटरीचं बिल, म्हणजे शेठनी राजीखुशीने खरेदी केल्याचा कागद.

म्हणून काउंटरवर एकच आग्रह धरायचा: नाकारताय ना, मग कारणासकट लिहून द्या. जॉब कार्डवर लिहा, नाहीतर ई-मेल करा. त्यात टेस्टरने दाखवलेले आकडे हवेत, बॅटरीचा अनुक्रमांक हवा आणि वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली नकार दिला तेही हवं. बहुतेक टेस्टरमधून छापील पट्टी निघते. तिचा फोटो तिथेच काढून घ्यावा. गोड बोलून मागावं, पण मागावंच. ते देत नसतील तर आपणच त्यांना ई-मेल करावा: आज अमुक वाजता गाडी आणली, तुम्ही अमुक कारण सांगून नकार दिला, यात काही चूक असेल तर कळवा. बहुधा त्याला उत्तर येत नाही. पण तारखेनिशी पाठवलेल्या पत्राला उत्तर न देणं हेही पुढे बोलतं.

लेखी कारणाचा एवढा आग्रह का, ते बॅटरीच्या पोटात शिरल्यावर कळतं. साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवली, तर चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. चार्ज करूनही काटा साडेदहाच्या पुढे सरकत नसेल, तर एक सेल गेलेला असण्याचा दाट संशय घ्यावा. तो बहुधा बॅटरीचाच दोष. उलट चार्ज केल्यावर ती १२.६ दाखवते आणि लोड टेस्टलाही टिकते, तर बॅटरी ठीक आहे. तिला कोणीतरी उपाशी ठेवतंय. हा ‘कोणीतरी’ शोधायला इंजिन सुरू करून पुन्हा मोजायचं. सर्वसाधारण गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. (हल्लीच्या काही गाड्यांत संगणक अल्टरनेटर कमीजास्त करतो, त्यामुळे एका आकड्यावर भांडू नये.) तेही बरोबर असेल, तर गाडी बंद असताना करंट कुठे गळतोय ते पाहायचं. कुलूप लावलेल्या गाडीत साधारण पन्नास मिलिअँपिअरपर्यंतची गळती चालते. अर्धा अँपिअर सतत गळत असेल, तर ३५ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी सत्तर तासांत रिकामी होते. शुक्रवारी लावलेली गाडी सोमवारी उठत नाही ती अशी.

आता “डिस्चार्ज झालीय, डिफेक्ट नाही” हे वाक्य पुन्हा ऐका. डिस्चार्ज ही बॅटरीची अवस्था झाली. ती का झाली ते त्यात कुठेच नाही. अल्टरनेटर चार्ज करत नसेल, तर तो गाडीचा भाग आहे आणि गाडीच्या मूळ वॉरंटीत येतो. कंपनीच्या वायरिंगमधून गळती असेल तरी तेच. “बाहेरून अ‍ॅक्सेसरी बसवलीत” असं म्हणत असतील, तर डिलिव्हरीच्या वेळची बिलं काढा. तो टचस्क्रीन, तो मागचा कॅमेरा अनेकदा त्याच शोरूमने पॅकेजमध्ये गळ्यात मारलेला असतो. स्वतः बसवलेल्या वायरीकडे बोट दाखवून वॉरंटी नाकारणं डीलरला महागात पडू शकतं. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तुम्ही नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून हॉर्न, अ‍ॅम्प्लिफायर आणि जीपीएस बसवून घेतला असेल, वायर कापून जोड दिला असेल, तर नकार बहुधा योग्यच आहे. गाडी महिनाभर बंद ठेवून बॅटरी पूर्ण बसू दिली, तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. त्याचा दोष कंपनीवर ढकलता येत नाही.

पुढची टोलवाटोलवी ठरलेली. डीलर म्हणतो, बॅटरी आमची नाही, बॅटरी कंपनीकडे जा. बॅटरी कंपनीचा माणूस म्हणतो, गाडीसोबत आलेली आहे, शोरूममधूनच क्लेम करा. काही वाहन कंपन्यांच्या पुस्तिकेत टायर आणि बॅटरीला त्या-त्या उत्पादकाची वॉरंटी लागू असल्याचं छापलेलं असतं, म्हणून आधी पुस्तिका वाचावी. पण तक्रार करताना डीलर, वाहन कंपनी आणि बॅटरी कंपनी या तिघांनाही सामनेवाले करावं. कोणाची जबाबदारी किती, हे ग्राहक आयोग ठरवील.

या वाटणीबाबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यामुळे आपल्याकडे घराघरात ओळखीच्या असलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या एका सदोष गाडीच्या प्रकरणात २००४ साली न्यायालयाने उत्पादकासोबत डीलरलाही जबाबदार धरलं. नवीन म्हणून विकलेल्या गाडीतले दोष हे फक्त कारखान्याचं प्रकरण आहे, असं म्हणून डीलरला हात वर करू दिले नाहीत. दुसरा निकाल गोव्यातल्या एका ग्राहकाचा, फेब्रुवारी २०२१ मधला. त्याने २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले आणि डीलरने २००९ साली बनलेली, आधीच चाललेली गाडी दिली. तिथे उत्पादक टाटा मोटर्स सुटली. डीलर आणि उत्पादक यांच्यातला करार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता आणि डीलरच्या या करणीची उत्पादकाला माहिती असल्याचा पुरावा नव्हता. जबाबदारी राहिली ती डीलरवर. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते: डीलरने स्वतःच्या हाताने केलेल्या चुकीसाठी फक्त कंपनीवर दावा लावून भागत नाही, आणि गाडीतल्या दोषासाठी डीलरला बाहेर ठेवण्याचंही कारण नाही.

भिवंडीत आणखी एक पेच हमखास येतो. यंत्रमाग आणि गोदामवाल्यांच्या गाड्या बऱ्याचदा फर्मच्या नावावर असतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ ठरत नाही. अपवाद स्वयंरोजगारातून पोट भरण्याचा. समोरचा वकील पहिला हाच मुद्दा काढतो. पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीच्या नावावरच्या मर्सिडीजबद्दल निर्णय देताना, संचालकाच्या व्यक्तिगत वापरासाठी घेतलेली गाडी केवळ कंपनीच्या नावावर आहे म्हणून व्यापारी हेतूची ठरत नाही, ही भूमिका मान्य केली. गाडी कोण, कशासाठी वापरतं ते तक्रारीतच स्पष्ट लिहावं. तागे वाहणाऱ्या टेम्पोला हा आधार मिळणार नाही. तोच टेम्पो मालक स्वतः चालवून घर चालवत असेल, तर गोष्ट वेगळी.

तक्रार कुठे करायची? आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. तिथून आदेश निघत नाही, पण कंपनीच्या मुख्य कार्यालयापर्यंत विषय जातो आणि पाच-सहा हजारांसाठी पुष्कळदा तेवढं पुरतं. नाहीच जमलं, तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. शोरूम मुंबईत असो की नाशकात, तुम्ही भिवंडीत राहता एवढ्यावर ठाण्यात दाद मागता येते. ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, पाच ते दहा लाखांत २०० रुपये, दहा ते वीस लाखांत ४००. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. नोटिसा आणि स्मरणपत्रं पाठवत बसल्याने ती वाढत नाही, हे विसरून अनेकजण फसतात.

तक्रार ‘सदोष वस्तू’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून मांडावी. नव्या कायद्यातलं उत्पादन-दायित्वाचं प्रकरण ऐकायला भारदस्त वाटतं, पण त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून वस्तूचं स्वतःचं नुकसान वगळलेलं आहे. बॅटरी फुटून कोणाला इजा झाली तर ते प्रकरण लागू पडेल. बॅटरी नुसती बसली तर नाही. दोष चाचणीशिवाय कळत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्यासाठीही जुनी बॅटरी हातात हवी. गाडी चालू ठेवायला नवीन घ्यावीच लागली, तर जुनी परत मागून घ्या किंवा ‘वादग्रस्त, नष्ट करू नये’ असा शेरा मारलेली पोच घ्या. भंगाराचे जे काही रुपये बिलातून वजा होणार होते, ते सोडावे लागतील.

नोटीस पोचल्यावर डीलरचा फोन येण्याची शक्यता बरीच असते: “शेठ, कशाला वाढवताय, बॅटरी बदलून देतो.” जरूर घ्यावी. आयोगासमोरच्या तारखा लांबतात, आणि निकालासाठी कायद्याने घातलेले तीन महिने, चाचणी असेल तर पाच, हे कागदावर जास्त शोभतात. फक्त तडजोडीच्या कागदावर नव्या बॅटरीचा अनुक्रमांक आणि तिची वॉरंटी कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून घ्या. बदली बॅटरीला बहुधा पहिल्या बॅटरीची उरलेलीच मुदत मिळते, पूर्ण नवी नव्हे. आणि बॅटरी बसवण्याआधी अल्टरनेटर व गळती तपासल्याची नोंद जॉब कार्डवर करायला लावा, नाहीतर तीही सहा महिन्यांत त्याच कारणाने बसेल.

पुढील आठवड्यात : इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी आणि ‘रेंज कमी झाली’ ही तक्रार.