तोंडातील पांढरी जाळी

समजा, भाटघरची एक बाई आहे. वय पन्नाशीचे. ती म्हणते, "तिखट खाल्लं की गाल आतून झोंबतो." आरशात पाहिले, तर दोन्ही गालांच्या आत पांढऱ्या रेघांची जाळी दिसते. बोटाने पुसली तरी जात नाही. बाई मनात म्हणते, "हा कॅन्सर तर नव्हे? घरी सांगू कशी?"

बाईने घरी सांगावे. भिऊ नये. या रोगाला डॉक्टर 'लायकेन प्लॅनस' म्हणतात. तो उष्ट्याने लागत नाही. एकाचा दुसऱ्याला होत नाही.

हा रोग कसा होतो ते पाहू. गालाच्या आतली कातडी बारीक पेशींची बनलेली असते. पेशी थरावर थर रचलेल्या असतात. सर्वांत खालच्या थरात नव्या पेशी जन्मतात. त्या वर सरकतात आणि शेवटी झडून जातात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. या रोगात राखणदार चुकतात. घरच्याच माणसाला चोर समजतात आणि खालच्या थरावर तुटून पडतात. सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले, की त्या थराखाली राखणदारांची दाट रांग दिसते.

डॉक्टर आणखी एक गोष्ट शोधतात. पेशी वेड्यावाकड्या झाल्या आहेत काय? त्यांचा गाभा मोठा आणि काळपट झाला आहे काय? थरांची शिस्त मोडली आहे काय? तसे असेल, तर पुढे कॅन्सरचा धोका वाढतो.

हा धोका किती? शंभर रोग्यांत सुमारे एकाला, तोही पुष्कळ वर्षांनी, कॅन्सर होतो. पण तो एक कोण, हे आधी सांगता येत नाही. म्हणून सर्वांनीच तपासणी करावी.

तंबाखू आणि मिसरीनेही तोंडात पांढरा चट्टा पडतो. तो रोग वेगळा. पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 खेडूतांची तोंडे तपासून केलेला अभ्यास 1972 साली छापला गेला. असे चट्टे आणि तोंडाचा कॅन्सर यांचे तंबाखूशी जवळचे नाते आहे. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही रोगांत चूक होऊ शकते. म्हणून डॉक्टर लहानसा तुकडा काढून तपासतात. आधी सुई देऊन जागा बधिर करतात. "तुकडा काढला की रोग पसरतो," असे लोक म्हणतात. ते खरे नाही.

मग काय करावे? मिसरी, तंबाखू, गुटखा आणि दारू सोडावी. झोंबत असेल तर तिखट कमी खावे. डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे. सहा महिन्यांनी पुन्हा तोंड दाखवावे. जखम दोन आठवड्यांत भरली नाही, गाठ लागली किंवा लाल चट्टा दिसला, तर थांबू नये. भोरला सरकारी दवाखान्यात जावे. गरज पडल्यास पुण्याला ससूनमध्ये जावे.

आपल्या भाटघरचे धरण 1928 साली पुरे झाले. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्याची तपासणी होते. भिंत पडायला आली म्हणून नव्हे, पडू नये म्हणून. तोंडाचेही तसेच आहे.