फायबर दारात आला, मग माजघरात नेट का अडते?

धाराशिव : शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतला. जोडणी करणाऱ्याने ओसरीवर उभे राहून मोबाइलवर ‘स्पीड’ दाखवला, पैसे घेतले आणि तो गेला. संध्याकाळी आतल्या खोलीत परीक्षेचा अर्ज भरायला बसलेल्या मुलीच्या स्क्रीनवर मात्र चक्र फिरतच राहिले. अर्ज असो, पीकविम्याची नोंदणी असो की ई-केवायसी, प्रत्येकाला शेवटची तारीख असते. घरचे नेट अडले की महा-ई-सेवा केंद्राची रांग आली आणि दिवसाची मजुरीही बुडाली. अशा वेळी ‘मोठा प्लॅन घ्या’ असा सल्ला मिळतो. तो घेण्याआधी घराच्या भिंतीकडे बघायला हवे.

इंटरनेट वेगळे, वाय-फाय वेगळे

घरापर्यंत इंटरनेट येते ते केसाएवढ्या काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपात. भिंतीवर लावलेली पेटी, म्हणजे ओएनटी, त्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करते. तिथून पुढे मोबाइलपर्यंतचा काही फुटांचा प्रवास रेडिओ लहरींचा. त्याचे नाव वाय-फाय. प्लॅनचा वेग ओएनटीपर्यंतचा असतो. त्यापुढे काय होईल हे घर ठरवते.

या लहरींचे दोन मुख्य पट्टे आहेत. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये, तर ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. पहिल्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची. ती भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते, पण वेग कमी देते. शिवाय शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन अशी सगळ्यांची गर्दी याच पट्ट्यात. दुसऱ्याची लहर पाच-सहा सेंटिमीटरची. वेग भरपूर, मात्र भिंत आली की दम तुटतो. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले की शक्ती चौथाईवर येते. मध्ये दगड असेल तर विचारायलाच नको.

आणि दगड या जिल्ह्यात भरपूर आहे. जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, दगड-मातीच्या. वर लाकडी तुळयांवर मातीचा थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा आणि लोहारा तालुक्यांत अशीच घरे कोसळली. त्यानंतर पुनर्वसित गावांत काँक्रिटची आटोपशीर घरे आली. अशा घरात मधोमध ठेवलेला एक राउटर सहसा पुरतो. पुढे वाढवलेली खोली पत्र्याची असेल तर तिथे अडचण येते, कारण धातूचा पत्रा लहरी परतवून लावतो. जुन्या वाड्यात तर ओसरीवरचा राउटर आणि माजघर यांच्यामध्ये दोन दगडी भिंती असतात. तिथे शंभरचा प्लॅन दोनशेचा केला तरी फरक पडेल तो ओसरीवरच.

आधी जागा, मग खर्च

दोष कुठे आहे हे पाच मिनिटांत कळते. लॅपटॉप लॅन केबलने थेट ओएनटीला जोडून वेग मोजा. लॅपटॉप नसेल तर पेटीपासून सहा-सात फुटांवर, ५ गिगाहर्ट्झच्या नावाशी मोबाइल जोडून मोजा. तिथे वेग पुरेसा असेल तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. तिथेही मिळत नसेल, तर तक्रार जरूर करा. एक हिशेब मात्र लक्षात ठेवायचा : एमबीपीएस हे बिटचे माप, फाइल मोजतात बाइटमध्ये आणि एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे १०० एमबीपीएसवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरतात. ही फसवणूक नव्हे.

राउटर ठेवायची आपल्याकडची सर्वात लाडकी जागा म्हणजे भिंतीतला कोनाडा. तीच सर्वात वाईट. तीन बाजूंनी दगड, वर दगड. लोखंडी कपाट आणि टीव्हीची मागची बाजूही टाळा. सोयाबीनच्या थप्पीचाही अडथळा होतो, कारण धान्यातला ओलावा लहरी शोषून घेतो. राउटर डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर, दाराच्या समोर येईल असा ठेवा. दगडी घरात लहरी भिंतीपेक्षा दारातूनच आत जातात.

एवढे करून भागले नाही तर ‘रिपीटर’ घेण्याचा मोह होतो. एकाच पट्ट्यावर चालणारा स्वस्त रिपीटर ऐकणे आणि बोलणे आळीपाळीने करतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. शिवाय तो भिंतीपलीकडे लावला तर त्यालाच सिग्नल मिळत नाही. त्यापेक्षा दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीतून लॅन केबल आत न्या आणि टोकाला दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर लावा. शंभर मीटरपर्यंत ही केबल चालते; वाडा कितीही मोठा असला तरी पुरते. जुना राउटर पडून असेल तर त्यात ही सोय आहे का ते आधी बघा.

या दगडी घरांत मोबाइलची रेंजही जाते. फोनमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ची सोय असेल आणि कंपनी ती देत असेल तर सुरू करा. मग रेंज नसली तरी माजघरातून कॉल लागतो.

पासवर्ड मोबाइल नंबर नको

घरोघरी वाय-फायचा पासवर्ड म्हणजे घरातल्या कोणाचा तरी मोबाइल नंबर. लक्षात राहतो हे खरे, पण भारतातले दहा आकडी नंबर ६ ते ९ नेच सुरू होतात. म्हणजे शक्यता चारशे कोटी. आकडा मोठा वाटला तरी चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक त्या सगळ्या काही तासांत तपासू शकतो. पासवर्ड तोडणाऱ्याने तुमचे नेट वापरून काही उद्योग केले, तर चौकशी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्यापासून सुरू होते. तीन-चार असंबद्ध मराठी शब्द जोडून रोमन लिपीत लिहा आणि मध्ये आकडा घाला. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो. तो बऱ्याचदा पेटीखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तोही पहिल्याच दिवशी बदला. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ नेटवर्क ठेवता येते.

शेतवस्तीवर फायबर पोहोचलेला नसेल तर ‘एअरफायबर’चा पर्याय आहे. छतावरचे यंत्र टॉवरकडून ५जी घेते आणि घरात वाय-फाय देते. टॉवरच्या दिशेने डोंगर किंवा दाट झाडे असतील तर पैसे भरण्याआधी चाचणी करून मागा. वीज कडाडू लागली की त्याचा प्लग काढून ठेवा. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, पण विजेच्या जोडणीतून येते.

वीज गेल्यावर नेट बंद पडते ते बहुधा पेटीच बंद पडल्याने. बऱ्याच ओएनटी १२ व्होल्टवर चालतात. तेवढ्याचा छोटा यूपीएस मिळतो आणि तो काही तास पेटी चालवतो. घेण्यापूर्वी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवून पाहा. पेटीवर ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा लाल झाला, तर प्रकाशच येत नाही असे समजा. कुठे तरी जेसीबीने फायबर तोडला असेल किंवा घरातच वायर करकचून दुमडली असेल. पेटी दहा वेळा बंद-चालू करून तो दिवा विझत नाही. वायर कुठे मुडपली आहे का ते पाहून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.