ईसीएम गेला, गाडी उभी राहिली

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाडासकट सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे आणि पुढं कर्नाटकात निघतात. त्याच दिवसांत बालाघाटातलं सीताफळ पुणे आणि वाशीच्या बाजारात पोचवायचं असतं. या फळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण झाडावरून उतरल्यावर ते फार दिवस टिकत नाही. रेल्वेचं म्हणाल, तर बीड शहरात पहिली गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर शहराचं सगळं दळणवळण रबरी टायरवर होतं आणि अजूनही बहुतेक तसंच आहे. दुधाचे कॅन, कांद्याच्या गोण्या, शेळ्या, सिमेंट, लग्नाचा मंडप, सगळं वाहतो तो डिझेल पिकअप. एमएच २३ किंवा एमएच ४४ नंबरचा, बहुधा हप्त्यावर घेतलेला.

असा पिकअप एका सकाळी स्टार्टर मारूनही चालू होत नाही. डिझेल आहे, बॅटरी चांगली आहे. मिस्त्री स्कॅनर लावतो, स्कॅनर गाडीशी बोलतच नाही. मग तो शब्द येतो, जो ऐकला की मालकाच्या पोटात गोळा येतो: ‘ईसीएम गेला.’ म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूल, इंजिनाचं सगळं नियंत्रण करणारी ॲल्युमिनियमच्या कवचातली वहीएवढी पेटी. नवा ईसीएम महाग. तो आला तरी नुसता बसवून भागत नाही, गाडीच्या इमोबिलायझरशी, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी, त्याची जोडणी करावी लागते आणि ती करणारं यंत्र तालुक्याच्या गावात सहसा नसतं. गाडी उभी राहते, हप्ता मात्र चालूच राहतो.

ही पेटी पिकअपमध्ये आली कशी, हे पाहायला हवं. महिंद्राचं जुनं २५२३ सीसीचं डीआय इंजिन यांत्रिक पंपावर चालायचं. पंप आणि नोझल ज्याला कळले, त्याला इंजिन कळलं, असे ते दिवस होते. पुढं त्याच क्षमतेचं इंजिन कॉमन रेलवर आलं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळू लागलं. आकार तोच, डिझेल सोडण्याची रीत पार बदलली. कारण धुराचं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये वाहन-इंधन धोरणाचा आराखडा दिला, आणि त्यानंतर मानकं टप्प्याटप्प्याने कडक होत गेली. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ (भारत स्टेज ४) आणि पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. डिझेलमधलं गंधक दशलक्ष भागांत ३५० वरून ५० आणि मग १० वर आलं. इतका स्वच्छ धूर यांत्रिक पंपाकडून निघणं शक्यच नव्हतं.

आता ही पेटी नेमकं करते काय? क्रँकशाफ्टवरच्या चाकाला साठ दातांची जागा असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सरसमोरून ती मोकळी जागा गेली की इंजिन फेऱ्यात कुठं आहे हे ईसीएमला कळतं. ३००० आरपीएमवर एक फेरा २० मिलिसेकंदांत पुरा होतो, म्हणजे एक अंश फिरायला जेमतेम ५५ मायक्रोसेकंद लागतात. चार सिलिंडरच्या इंजिनात या वेगाला सेकंदाला १०० वेळा मुख्य फवारा सोडायचा, आणि प्रत्येकाआधी एक-दोन मिलिग्रॅमचा छोटा पूर्वफवारा, म्हणजे ज्वलनाचा दणका कमी होतो. रेलमधला दाब हजार बारच्या वर गेलेला असतो. इंजेक्टर झटकन उघडायला बारा व्होल्ट पुरत नाहीत, म्हणून ईसीएम आतल्या आत साठ-सत्तर व्होल्ट तयार करून कॉइलला धक्का देतो आणि उघडल्यावर कमी करंटवर धरून ठेवतो.

किती वेळ उघडा ठेवायचा, हे तक्त्यांतून ठरतं. पाय किती दाबला त्यावरून चालकाला किती ओढ हवी ते कळतं, ओढीवरून डिझेलचं प्रमाण निघतं. मग धुराचा तक्ता पाहिला जातो: आत आलेल्या हवेत एवढं डिझेल जळेल का? जळणार नसेल तर प्रमाण कापलं जातं. मग रेलचा दाब पाहून मायक्रोसेकंद निघतात. वाशीला समुद्रसपाटीवर जेवढी हवा मिळते, त्याहून बीडच्या पाचशे मीटर उंचीवर ती सहा टक्क्यांच्या आसपास विरळ असते. हा फरकही पेटीला सांभाळावा लागतो. अनेक इंजेक्टरांच्या डोक्यावर एक कोड छापलेला असतो. प्रत्येक इंजेक्टर घडणीत किंचित वेगळा असतो आणि तो वेगळेपणा त्या कोडमध्ये लिहिलेला असतो. इंजेक्टर बदलून कोड न भरता गाडी दिली, तर ती मिसिंग करते, धूर मारते आणि दोष विनाकारण ईसीएमवर येतो.

असा खोटा दोष वरचेवर लागतो. बऱ्याच सेन्सरना ईसीएमकडून पाच व्होल्टचा पुरवठा जातो, आणि अनेक गाड्यांत तो दोन-तीन सेन्सरना एकाच तारेवरून असतो. त्यातला एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला, की पाच व्होल्ट शून्यावर येतात आणि स्कॅनरवर एकदम चार-पाच दोष-कोड दिसतात. घाईत मिस्त्री पेटी काढून ठेवतो. हुशार मिस्त्री मल्टिमीटर लावतो आणि एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जातो. जो कनेक्टर काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, तिथं चोर सापडतो. बीडच्या गॅरेजांतून असं काम करणारी पोरं आहेत आणि त्यांना मी अभियंत्याचाच मान देतो.

पेटी खरोखर मरते त्याची कारणं आपल्या रोजच्या वापरात आहेत. हौद्याला वेल्डिंग करताना बॅटरीची तार काढली नाही तर करंट नको त्या वाटेने जातो. उलट्या तारा लावून दिलेली जंप स्टार्ट, प्रेशरने मारलेलं पाणी, कनेक्टरमधला गंज, उंदरांनी कुरतडलेली वायरिंग, धारूरच्या घाटातले हादरे, मेमधला बेचाळीस अंशांचा उन्हाळा, हे सगळं तिच्यावर साचत जातं.

मग दुसरी, स्वतंत्र पेटी बनवता येईल का? येईल. जगात रुसईएफआय, स्पीडुइनो, मेगास्क्वर्ट यांसारखे इंजिन नियंत्रक बाहेरच्या माणसांनी बनवले, पण त्यांचा मुख्य वावर पेट्रोल इंजिनांत आहे. डिझेल कॉमन रेलचं प्रकरण कठीण. उच्च व्होल्टेजचं सर्किट हवं, दाब सांभाळणारं नियंत्रण हवं, आणि चूक झाली तर किंमत पिस्टन मोजतो. फवारा थोडा लवकर किंवा थोडा जास्त पडला, तर पिस्टनचा माथा वितळू शकतो.

तरी माझ्या मते हार्डवेअर हा सोपा भाग आहे. प्रोसेसर, ड्रायव्हर चिप, कनेक्टर, जलरोधक कवच, सगळं बाजारात मिळतं. अवघड आहेत ते तक्त्यांमधले आकडे. इंजिन डायनोवर, म्हणजे त्याची ओढ मोजणाऱ्या यंत्रावर, चढवून प्रत्येक वेग आणि प्रत्येक भार यांच्या जोडीला डिझेलचं प्रमाण, फवाऱ्याची वेळ, रेलचा दाब आणि ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) किती उघडायचा हे ठरवायचं, धूर आणि नायट्रोजन ऑक्साइड मोजायचे, मग थंडीतला स्टार्ट, घाटातला चढ, रिकामी गाडी, भरलेली गाडी. कंपन्यांची माणसं यात वर्षं घालवतात. हे ज्ञान आपल्यापासून फार दूर नाही. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन चाचणीची संस्था आहे, नाशिकच्या सातपूरला बॉशच्या कारखान्यात इंजेक्टर बनतात, इगतपुरीला महिंद्राची इंजिनं बनतात. महाराष्ट्रातच हे सारं आहे, बीडपर्यंत मात्र त्यातलं फक्त बिल पोचतं.

या पेटीच्या नावावर आज आपल्याकडे जे जोरात चालतं, ते वेगळंच आहे: रीमॅप. ‘गाडी लोडला ओढत नाही’ म्हटलं की कुणीतरी लॅपटॉप घेऊन येतो, धुराची मर्यादा उठवतो, ईजीआर बंद करतो, बीएस-६ गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, कापून सॉफ्टवेअरला तो आहेच असं भासवतो. काही जण नुसता डबा लावतात. तो रेलच्या दाबाचा आकडा ईसीएमला कमी दाखवतो, म्हणून ईसीएम दाब वाढवतो. ओढ वाढते हे खरं. इंजेक्टर, टर्बो आणि पिस्टन यांचं आयुष्य त्यात खर्ची पडतं आणि मागच्या माणसाच्या छातीत काळा धूर जातो. हौद्यात बसलेल्या टोळीतली लेकरं तोच धूर घेतात. हे मला मान्य नाही, आणि कायद्यालाही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ प्रमाणे बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

अमेरिकेने या वाटेचा शेवट पाहिला आहे. तिथल्या पर्यावरण संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार, सुमारे दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची धूर-नियंत्रण यंत्रणा काढून टाकली गेली. आणि खोटेपणा फक्त गॅरेजवाल्यांनीच केला असंही नाही. फोक्सवॅगनने चाचणीपुरता स्वच्छ धूर दाखवणारं सॉफ्टवेअर गाड्यांत घातलं होतं, ते २०१५ मध्ये उघड झालं. भारतात राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड सुनावला. मोठ्या कंपनीचं कुलूपबंद सॉफ्टवेअर म्हणजे प्रामाणिक सॉफ्टवेअर, असं समजायचं कारण नाही.

म्हणूनच मला प्रामाणिक पर्यायी ईसीएम हवा आहे. मूळ गाडीएवढीच ओढ, मूळ गाडीएवढाच धूर, चाचणी संस्थेकडून तपासलेला आणि तालुक्याच्या गावात बसवता येणारा. त्याला नमुना आहे. सीएनजी किट बाहेरचे उत्पादक बनवतात, चाचणी संस्था मंजुरी देते, मग ते गाडीत बसतं. ऑगस्ट २०२२ मध्ये बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही ही मुभा मिळाली. पुण्याच्या केपीआयटीने २०१० मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांना बसवायचं ‘रेव्होलो’ हे हायब्रिड किट मांडलं होतं. म्हणजे धावत्या गाडीला बाहेरून तपासलेली यंत्रणा बसवण्याची कल्पना आपल्या राज्याला नवी नाही.

तक्त्यांतल्या आकड्यांखेरीज दुसरी अडचण माहितीची. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदान यंत्रं स्वतंत्र गॅरेजांना खुली मिळत नाहीत, हा मुद्दा होता. कंपन्या अपिलात गेल्या. जुलै २०२२ मध्ये केंद्राने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत वाहनंही घेतली. या हक्कात वायरिंगचे आराखडे, सेन्सरचे आकडे आणि ईसीएमची जोडणी करण्याची सोय आली पाहिजे. चोरीचा धोका दाखवून सगळंच कुलपात ठेवायला माझा विरोध आहे. ओळख पटवून, नोंद ठेवून जोडणी करता येते.

बीड आणि अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या, आयटीआयमधल्या मुलांना माझं सांगणं आहे की थेट नवी पेटी बनवायला जाऊ नका. वॉरंटी संपलेला बीएस-४ पिकअप घ्या. क्रँक आणि कॅम सेन्सरचे खोटे संदेश देणारं छोटं चाचणी-टेबल बनवा, म्हणजे ईसीएम गाडीबाहेर तपासता येईल. इंजेक्टरचा करंट ऑसिलोस्कोपवर पाहा. आधी मेलेल्या पेट्या जिवंत करा. जळालेला ड्रायव्हर, फुटलेला कपॅसिटर, गंजलेली पिन हे दोष दुरुस्त होतात. या कामातूनच पुढं नवी पेटी करायची अक्कल येईल.

आणि पिकअपच्या मालकांनो, तुमच्यासाठी तीन गोष्टी. हौद्याचं वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा आणि ईसीएमचा कनेक्टर सोडवा. पेटीवरचा नंबर आणि चारही इंजेक्टरांचे कोड यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गाडी चांगली चालू आहे तेव्हाच, जाणत्या माणसाकडून ईसीएममधला डेटा वाचून घेऊन जपून ठेवा. पेटी मेल्यावर तो मिळेलच असं नाही.