कल्ल्यांच्या उंबरठ्यावर

मासळीवाली कल्ल्यावरचे झाकण अंगठ्याने उचलून दाखवते. लाल दिसले की सौदा होतो. भातसानगरच्या भातसा धरणातला रोहू असो की कटला, ताजेपणाची खूण तीच. पण तो लाल रंग नुसता पाहून सोडून देऊ नये. कल्ल्याची एक कमान कात्रीने कापून बशीतल्या पाण्यात ठेवावी आणि भिंगाखाली धरावी. कंगव्याच्या दातांसारखे तंतू दिसतात. त्या प्रत्येकावर अतिशय पातळ पापुद्रे असतात. पाणी आणि रक्त यांच्यामध्ये एवढाच आडपडदा. मासा श्वास घेतो तो इथे, आणि परजीवीला बिऱ्हाड करायला सगळ्यात सोयीची जागाही हीच.

डॅक्टिलोगायरस नावाचा चपटा कृमी शेपटीकडच्या आकड्यांनी या तंतूंना धरून राहतो. माशाच्या कातडीवर आणि कल्ल्यांवर राहणारा त्याचा भाऊबंद गायरोडॅक्टिलस तर थक्क करतो. तो अंडी घालत नाही, पिल्लू देतो. जन्मण्याआधीच त्या पिल्लाच्या पोटात पुढचे पिल्लू वाढत असते. आईच्या पोटात लेक, लेकीच्या पोटात नात, आणि हे सगळे मिलिमीटरभर देहात! दाटीच्या तळ्यात असा कृमी भराभर का वाढतो, हे एवढ्यावरून कळते.

आतड्यातल्या कृमींची गोष्ट वेगळी. तिचा एक महत्त्वाचा धडा मराठवाड्यात लिहिला गेला. औरंगाबादच्या जी. बी. शिंदे यांनी १९६८ मध्ये मरळीच्या कुळातल्या माशात सापडलेल्या पट्टकृमीसाठी सर्कमऑन्कोबोथ्रियम ही नवी प्रजातीच मांडली. त्याच्या डोक्यावर आकड्यांचे कडे असते, नावातही तेच आहे. अशा पट्टकृमींची अंडी पाण्यात पडतात. त्यांतून निघालेले पिल्लू सायक्लॉप्ससारखा बारीक कवचधारी जीव गिळतो आणि त्या जीवाला मासा खातो. सायक्लॉप्सचे नाव आपल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. नारूही त्याच्याच पोटातून येत असे, म्हणून पाणी फडक्याने गाळून प्यायचे.

आता या कृमींवरच्या उपायासाठी वनस्पतींकडे वळू. सह्याद्रीतल्या आदिवासींना कल्ल्यांचे मर्म प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी कळले होते. गेळ्याची फळे ठेचून डोहात कालवली की थोड्या वेळाने मासे गुंगून वर येतात. फळातले सॅपोनिन साबणासारखे फेसाळते आणि कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्याला इजा करते. पाण्यात प्राणवायू असूनही माशाला तो घेता येत नाही. हे ज्ञान मला कोणत्याही शोधनिबंधाइतकेच मोलाचे वाटते.

सुगंधी तेले कल्ल्यांच्या याच दारातून शिरतात, पण त्यांची तऱ्हा निराळी. खानदेशातल्या रोशा गवताचे तेल एकेकाळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. भारतातून गेलेल्या अशाच गवताच्या तेलातून जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन यांनी १८७१ मध्ये जिरॅनिऑल शुद्ध रूपात वेगळे काढले. गुलाबाचा वास आणि रोशाचा वास जुळतो तो याच रेणूमुळे. परसातल्या गवती चहात सिट्रल असते, ओव्यात थायमॉल, लवंगेत युजेनॉल. हे रेणू पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात सहज विरघळतात, म्हणून पेशींच्या स्निग्ध आवरणात घुसतात. चपट्या कृमीला कठीण कवच नसते. त्याचे अंगावरचे आवरण जिवंत आणि उघडे असते, त्यामुळे तेलाचा घाव त्याला लवकर लागतो.

अडचण अशी की कल्लाही तसाच उघडा आहे. लवंगेच्या तेलाने माशाला भूल देतात ती याच वाटेने. मात्रा वाढली की श्वासच थांबतो. ब्राझीलमध्ये तंबाकी या माशाच्या कल्ल्यांवरचे कृमी मारण्यासाठी लिपिया नावाची वनस्पती आणि रामतुळस यांची तेले तपासली गेली. काचेच्या बशीत कृमी मरतात, पण तेवढी मात्रा माशाला सोसेलच असे नाही. सगळे संशोधन या दोन मात्रांमधल्या अरुंद फटीत चालले आहे.

भातसा धरणाचे पाणी मोजले की अशी मात्रा जलाशयात साधणे किती अशक्य आहे ते ध्यानात येते. मुंबई महापालिकेच्या हिशेबात भातसाचा साठा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर आहे. शहराच्या सात तलावांतल्या एकूण साठ्याच्या हा जवळजवळ निम्मा. लिटरमागे अवघा एक मिलिग्रॅम तेल घालायचे म्हटले तरी ७१७ टन लागेल. शिवाय हे पाणी नदीवाटे पिसे बंधाऱ्यावर जाते, तिथून शुद्ध होऊन घराघरात. जलाशयाला औषध हा विचारच करू नये.

म्हणून ही तेले कामी येतील ती बोटुकल्यांच्या, म्हणजे बोटभर माशांच्या, टाकीत आणि खाद्यात. जलाशयात सोडण्याआधी टाकीतल्या मूठभर बोटुकल्यांचे कल्ले भिंगाखाली तपासून घेता येतात, तेव्हा मात्रा हातात असते. एकदा पिल्लू धरणाच्या पाण्यात उतरले की ती हातातून गेली.